भूमिका घेणाऱ्याचा राग का येतो?



माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या दारातच अधिक झाले. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून करू नये. एक साधा प्रश्न तेवढा आपणांपुढे ठेवतो. लाच खाणाऱ्याचा राग येतो हे समजते. पण लाच न देणाऱ्याचा राग लोकांना का यावा?

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी गावाचे काही लुबाडले नव्हते. मग गाव खवळले का? धर्म बुडाला, हे सांगायचे कारण झाले. मला दिसते ते निराळेच. त्या काळी कितीतरी घरांत एखादी विधवा लेक, बहीण वा सून कोपऱ्यात दिवस कंठीत होती. 'रूढीपुढे आमचा काय इलाज?' असे म्हणून घरचे लोक मनाची समजूत घालीत. इलाज आहे, हे कर्व्यांनी करून दाखविले. ती समजूतच त्यांनी हिरावून घेतली!

मुंबईच्या गिरण्यांत नोकरी जॉबरच्या हाती होती, तेव्हा त्याला दस्तुरी चारावी लागे. दहा जण मुकाट्याने देत असता अकरावा 'देणार नाही' म्हणाला, तर दहांचा राग जॉबरवर निघत नाही, अकराव्यावर निघतो. 'मोठा हरिश्चंद्र लागून गेला!' याची कारणे दोन. आपल्या लाचारीला आपण 'नाइलाज' म्हणत होतो, ते खोटे पडते. आणि जॉबरचा सूड आपल्यावरही उतरेल, ही धास्ती. पहिले कारण अभिमानाचे, दुसरे पोटाचे. पोटाच्या कारणाला कोणी हसू नये.

म्हणून भूमिका घेणाऱ्यालाही माझे एक सांगणे आहे. किंमत आपल्या खिशातून द्यावी. दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतून तत्त्व पाळणाऱ्याचा राग येतो, तो रास्तच होय. आणि बाकीच्या दहांनी अकराव्याला एकटे सोडू नये. संघटना याचसाठी असते. भीती अकरा जणांत वाटली गेली की तिचे ओझे कमी होते, आणि रागही ओसरतो.

१९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभरीत होते. सत्काराला सारेच येतात. बहिष्काराच्या दिवशी त्या माणसाच्या पंक्तीला आपण बसलो असतो काय, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.