स्पॅनिश बोलपट आणि त्याखालची स्पॅनिश ओळ



आमच्या कॉलेजातून शिकून गेलेली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात मला भेटायला घरी आली. वडिलांची द्राक्षाची बाग. ही पुण्यात राहून नोकरी करते आणि संध्याकाळी स्पॅनिश भाषा शिकते. मी शिकवितो इंग्रजी. पण पस्तिशी उलटल्यावर हौसेने थोडे स्पॅनिश शिकलो आहे, हे तिला ठाऊक होते. स्पेनच्या सर्वान्तेस संस्थेची ‘देले’ नावाची एक परीक्षा असते. तिच्या मधल्या पायरीला ती बसली होती. या परीक्षेचे दोन भाग: वाचणे-लिहिणे एक, ऐकणे-बोलणे दुसरा. दोन्हींना पन्नास-पन्नास गुण, आणि प्रत्येकात निदान ३० हवेत. पहिल्या भागात हिला ४१ मिळाले, दुसऱ्यात २४. म्हणजे नापास.

“सर, पुस्तकातलं सगळं कळतं,” ती म्हणाली, “पण माणसं बोलायला लागली की सगळा गोंगाट वाटतो. आणि मी तर पन्नासेक स्पॅनिश सिनेमे बघितलेत!”

मी विचारले, “खाली ओळी कोणत्या भाषेत होत्या?”

“इंग्रजीत.”

“मग तू पन्नास इंग्रजी चोपडी वाचलीस. सिनेमे कुठे पाहिलेस?”

तिला ते आवडले नाही. पण दुखणे तिथेच होते. पडद्याच्या तळाशी ओळखीच्या भाषेतली ओळ उमटली की डोळा तिच्यावर जातो. अर्थ मिळाला, की कान आपला सुट्टीवर. पात्रे बोलत राहतात आणि आपण वाचत राहतो. गोष्ट समजते, भाषा मात्र येत नाही.

उपाय सांगायला सोपा आहे: बोलणे स्पॅनिश, तर खालची ओळही स्पॅनिशच हवी. याचा एक नीट तपासलेला पुरावाही आहे. नेदरलँडमधील नायमेखन येथील दोन संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी येणाऱ्या डच माणसांना त्यांनी स्कॉटलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या बोलीतील चित्रफिती दाखविल्या. काहींना खाली इंग्रजी ओळी, काहींना डच ओळी, काहींना काहीच नाही. मग त्याच बोलीतील वाक्ये ऐकवून ती म्हणून दाखवायला सांगितले. इंग्रजी ओळी पाहिलेल्यांचा कान सुधारला. डच ओळींनी उलट, नव्या वाक्यांच्या बाबतीत, अडथळाच केला.

स्पॅनिशला तर ही युक्ती फारच मानवते, कारण ही भाषा बव्हंशी लिहितात तशीच बोलतात. स्वर पाचच: अ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. मराठी माणसाला उच्चाराची अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. अडते ते शब्द कोठे तुटतो तेथे. ‘तो पाहणार आहे’ आणि ‘तेथे असणार आहे’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द वेगळे लिहितात. भरभर बोलताना मात्र दोन्ही कानाला ‘बाबेर’ असेच येतात. खुद्द स्पेनमधली मुलेही यातले शब्द लिहिताना चुकतात. खाली ओळ दिसली की तो गोळा सुटा होतो, आणि चार वेळा सुटा झालेला पाहिला की पाचव्यांदा कानच तो सोडवितो.

आता खरी अडचण. असा बोलपट मिळवायचा कोठून? आणि मिळाला तरी ओळी खऱ्या की खोट्या, हे ओळखायचे कसे?

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ प्रतींत इंग्रजी ओळी चित्रातच छापलेल्या असतात. त्या काढता येत नाहीत. अशी प्रत बाजूला ठेवावी. मी एकदा स्पेनहून तबकडी मागविली. वेष्टनावर स्पॅनिश ओळी असल्याचे लिहिले होते. घरच्या यंत्रात घातली तर यंत्राने ती नाकारली. तेव्हा कळले की या डीव्हीडी तबकड्यांना प्रदेशाचा आकडा असतो: स्पेनचा २, मेक्सिको व दक्षिण अमेरिकेचा ४, आपला ५. तबकडी आजही कपाटात आहे.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे आवाज बदललेले बोलपट. स्पेनमध्ये १९४१ साली फ्रँकोच्या सरकारने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्येच बोलले पाहिजेत असा हुकूम काढला. हुकूम काही वर्षांनी गेला, सवय राहिली. त्यामुळे अमेरिकन चित्रपटांवर स्पॅनिश आवाज आणि स्पॅनिश ओळी दोन्ही सहज मिळतात. विद्यार्थी हुरळतो. पण आवाजाचे भाषांतर नटाच्या ओठांशी जुळवून केलेले, ओळीचे भाषांतर वाचायच्या वेगाशी जुळवून. दोन्ही स्पॅनिशच, पण कान एक ऐकतो आणि डोळा दुसरेच वाचतो. नवशिक्यासाठी हे काहीच नसण्यापेक्षा वाईट. म्हणून मुळात स्पॅनिशमध्येच बोललेला चित्रपट निवडावा.

तोही नेहमी सुरक्षित असतो असे नाही. ‘रोमा’ या २०१८ सालच्या मेक्सिकन चित्रपटाची हकीकत ऐका. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन. मेक्सिको शहरातील एका घरातल्या मोलकरणीची ही कथा. नेटफ्लिक्सने तो स्पेनमध्ये दाखविला तेव्हा मेक्सिकोच्या स्पॅनिशखाली स्पेनच्या स्पॅनिशमधल्या ओळी घातल्या. पात्र म्हणते ‘ममा’, खाली येते ‘माद्रे’. रागावणे या अर्थी पात्र ‘एनोहार’ म्हणते, खाली ‘एन्फादार’. कळस म्हणजे ‘गान्सितो’ हा मेक्सिकोतला चॉकलेट लावलेला केक. खाली आला ‘गान्चितो’, म्हणजे स्पेनमधला कुरकुरीत खारा खाऊ! एखाद्या वऱ्हाडी बोलपटात ‘करून राहिला’ म्हणावे आणि पुण्याच्या प्रेक्षकासाठी खाली ‘करीत आहे’ छापावे, तसे हे झाले. क्वारोन यांना तो स्पॅनिश प्रेक्षकांचा अपमान वाटला. जानेवारी २०१९मध्ये त्यांनी तसे जाहीरपणे सांगितले आणि त्या ओळी काढून टाकण्यात आल्या. मला विचाराल तर अपमान प्रेक्षकाचा होता, आणि तितकाच त्या बोलीचाही.

मग खात्रीच्या ओळी कोणत्या? ज्या ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेल्या असतात त्या. स्पॅनिशमध्ये ‘पारा सोर्दोस’ असे शब्द असतात, म्हणजे ‘बहिऱ्यांसाठी’. तेथे बोललेलेच लिहायचे असते; दार वाजले, कुत्रा भुंकला हेही कंसात येते. जागा अपुरी म्हणून कोठे काटछाट होते, पण शब्द सहसा बदलत नाहीत. मोबाईलवर बोलपट पाहणाऱ्यांनी आवाज आणि ओळी या दोन्ही ठिकाणी ‘एस्पान्योल’ निवडावे. काही ठिकाणी तो पर्याय दिसतच नाही. आपल्या खात्याची भाषा स्पॅनिश केली की तो यादीत उगवतो. यंत्राने आपोआप लिहिलेल्या ओळींवर मात्र विसंबू नका. माणसांची आणि गावांची नावे तेथे हमखास बिघडतात. दिल्लीला सर्वान्तेस संस्थेचे केंद्र आहे, त्यांच्या ग्रंथालयात चौकशी करता येते.

पहिला बोलपट कोणता घ्यावा? बेर्लांगाचे चित्रपट थोर, पण त्यात दहा माणसे एकाच वेळी बोलतात, ते नंतर. मेक्सिकोचा ‘माकारिओ’, १९६० सालचा, रोबेर्तो गावाल्दोनचा, घ्यावा. पोराबाळांच्या खटल्यात कधी पोटभर न जेवलेला एक लाकूडतोड्या. आयुष्यात एकदा अख्खी टर्की कोंबडी कोणाला न देता एकट्याने खावी एवढीच त्याची इच्छा. ती खायला बसतो तर वाटा मागायला कोण कोण येते! बोलणे मोजके आणि संथ.

आणि शिक्षक बंधुभगिनींनी ‘ला लेंग्वा दे लास मारिपोसास’, म्हणजे ‘फुलपाखरांची जीभ’, जरूर पाहावा. होसे लुइस क्वेर्दाचा, १९९९ सालचा. १९३६ सालातले गालिसियातले एक खेडे. दम्याचा एक भित्रा मुलगा उशिरा शाळेत जाऊ लागतो. म्हातारे गुरुजी न मारता शिकवितात, मुलांना रानात नेऊन फुलपाखराची गुंडाळलेली जीभ दाखवितात. पुढे यादवी सुरू होते. शेवट मी सांगणार नाही. वर्गातले बोलणे सावकाश आहे, कारण शिक्षकच बोलत आहेत.

हे सारे परदेशी कौतुक नव्हे. १९९६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे ब्रिज कोठारी मित्रांबरोबर आल्मोदोवारचा एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. सगळे स्पॅनिश शिकणारे, आणि खाली ओळी इंग्रजी. याच ओळी स्पॅनिश असत्या तर, असे त्यांच्या मनात आले. आणि त्यावरून दुसरा विचार आला, की हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द उमटले तर? अर्धवट वाचता येणारी लाखो माणसे गाणी तर पाहतातच. पुढे अहमदाबादला गुजराती गाण्यांवर तो प्रयोग झाला आणि मग दूरदर्शनच्या ‘चित्रहार’वरही त्या ओळी आल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या पाहिल्या असतील. ‘पाहतो’ म्हणता म्हणता आपण वाचत होतो, हे लक्षातही आले नसेल.

त्या मुलीला मी एकच शिस्त घालून दिली. रोज दहाच मिनिटे. प्रथम स्पॅनिश ओळींसह पाहायचे आणि अडलेला शब्द वहीत उतरवायचा. मग तेवढाच भाग थांबत थांबत, पात्रामागोमाग मोठ्याने म्हणायचा. तिसऱ्या वेळी पडद्याच्या तळाला पुठ्ठ्याची पट्टी लावायची आणि नुसते ऐकायचे. पहिल्या आठवड्यात ती वैतागली. दहा मिनिटांना दीड तास लागतो म्हणाली. लागतोच.

परवा रविवारी ती पुन्हा आली होती. गुरुजींचा वर्ग आम्ही पट्टी लावून पाहिला. तिचे चार शब्द निसटले, माझे सहा. परीक्षा नोव्हेंबरात आहे.