धोतऱ्याची उलटी बाजू

महाशिवरात्रीला परळीच्या वैद्यनाथाला बेलाबरोबर धोतराही वाहतात. बीड जिल्ह्यात उकिरड्याकडेला, पडीक रानात तो आपोआप उगवतो. गुरंसुद्धा सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या बिया पोटात गेल्या, की माणसाच्या तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. तो असंबद्ध बरळतो, हवेतलं काहीतरी वेचत बसतो. बरा झाल्यावर त्याला यातलं फारसं काही आठवत नाही.

वनस्पतीचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो, याचा याहून रोखठोक पुरावा कोणता?

मेंदूतल्या पेशी असिटाइलकोलीन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप धाडतात. धोतऱ्यातलं स्कोपोलामाइन तो निरोप अडवतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात हे रसायन बनवणाऱ्या पेशीच झिजत जातात. म्हणून औषधाची चाचणी घेताना संशोधक उंदरांना आधी स्कोपोलामाइन टोचून विसराळू करतात!

धोतऱ्याच्या विषबाधेवर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबार नावाच्या बियांतून तो मिळाला. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं रिव्हास्टिग्मिन आज अल्झायमरच्या रुग्णांना देतात. त्याची कातडीवर चिकटवायची पट्टीही मिळते. स्नोड्रॉप या युरोपी फुलझाडातून आलेल्या गॅलंटामाइनला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. या औषधांनी काही काळ त्रास हलका होतो, रोग मात्र थांबत नाही.

मग रोग थोपवणारी वनस्पती? इथे आपल्या मराठवाड्याच्या माळावरची अश्वगंधा पुढे येते. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१२ साली तिच्या मुळांच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्क दिल्यावर उंदरांच्या मेंदूत साचलेलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, कमी झालं, त्यांचं वागणं सुधारलं. गंमत म्हणजे अर्काने काम केलं ते यकृताच्या वाटेने. यकृतातलं एक प्रथिन वाढलं आणि अमायलॉइडचा निचरा होऊ लागला.

पण उंदीर तो उंदीर. गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काचाही असाच बोलबाला होता. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर काही वर्षं त्याची चाचणी झाली. २००८ साली निकाल लागला: अर्क घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही.

तेव्हा घरातले आजोबा अश्वगंधेचं चूर्ण घेत असतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. थायरॉइडच्या औषधाशी त्याचं गणित बिघडू शकतं. क्वचित यकृतालाही इजा झाल्याची नोंद आहे. सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्याही धोतऱ्यासारखाच मेंदूतला निरोप अडवतात, म्हणून त्यांचंही पाकीट सोबत न्यावं. विसराळूपणा वाढला असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. दोष तिथे सापडला, तर त्यावर इलाज आहे.