फोनवरचा पहिला डाव

जेवणं उरकली असतील, भांडी निघाली असतील. निघाली नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत. मंगळागौरीच्या खेळांबद्दल नाही, फोनवरच्या. काहीजणी म्हणतील, हे काय वय आहे का बायांचं खेळायचं? गावातले बापे पारावर तासन्‌तास पत्ते कुटतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. एवढं बोलून आम्ही पुढे जातो.

आधी आमच्याच गटात काय घडलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक ठराव केला होता की गटातल्या कुणीही फोनवर खेळ घ्यायचा नाही. कारणही तसंच होतं. आमच्यातल्या एका काकूंच्या फोनवर पुतण्याने पैशांची रमी टाकली. फोन काकूंचा, खातं काकूंचं, पण पिन पुतण्याला पाठ, कारण काकूंना फोन चालवता येत नव्हता, तोच सगळं करून द्यायचा. सुरुवातीला पन्नास-साठ रुपये आले म्हणे. मग जायला लागले. गटाचा हप्ता भरायच्या दिवशी काकू बँकेत गेल्या तेव्हा खात्यात साडेतीनशे रुपये उरले होते. त्यानंतर तीन बैठकांना त्या आल्याच नाहीत. आम्ही घरी गेलो तर दार अर्धंच उघडलं. हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला, काकूंनी तो पुढे फेडलाही. पण ते अर्धं उघडलेलं दार आमच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

म्हणून ठराव केला. वर्षभराने पाहिलं तर झालं भलतंच. ज्या आधीच फोनला घाबरत होत्या, त्यांनी तर तो हातात घ्यायचंच सोडलं. फोन वाजला की पोराला हाक, मेसेज आला की सुनेला हाक, पैसे जमा झाले का बघायचं तर पुन्हा पुतण्याला हाक. मग एका बैठकीत काकूच म्हणाल्या, "माझा फोन मला वाचता आला असता, तर त्यावर काय टाकलंय ते मला दिसलं नसतं का?" सगळ्या गप्प झाल्या. त्या बैठकीत जुना ठराव मागे घेतला आणि नवा केला. प्रत्येकीने फोनवर एक खेळ शिकायचा. पैशांचा नाही, नुसता खेळ.

खेळच का, असं तुम्ही विचाराल. बँकेचं ॲप उघडलं आणि बोट चुकलं की छातीत धडधडतं. खेळात बोट चुकलं तर एक डाव जातो, दुसरा मांडायचा. ही युक्ती काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९९० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने संगणकाच्या विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर नावाचा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव दिला होता. तेव्हा कचेरीतल्या लोकांनाही माउस नवाच होता. पत्ता उचलायचा, ओढत न्यायचा, जागेवर सोडायचा, असं करता करता भल्याभल्यांचा हात माउसवर बसला. साहेब लोक पत्ते खेळून संगणक शिकले, मग आपण लाजायचं कारण काय?

तर पहिला खेळ कोणता घ्यायचा? इथे आम्ही सपशेल आपटलो, तेही सांगून टाकतो. आम्ही पोरांना विचारलं. पोरांनी आपल्या आवडीचे खेळ टाकून दिले. त्यात एक सबवे सर्फर्स होता, रेल्वेच्या रुळांवरून पळायचा. पोरगं पळतंय, मागून शिपाई, समोरून गाडी, बोट डावीकडे, बोट उजवीकडे, उडी मार, वाक. आमच्या एक मावशी साठीच्या आहेत. दहा सेकंदात गाडीवर धडकल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा धडकल्या. चौथ्यांदा फोन खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्या डोक्यात नाही बाई हे बसायचं." डोक्याचा काही दोष नव्हता. त्या खेळात डोळा, बोट आणि घाई तिन्ही एकदम लागतं. ज्या बाईने अजून काचेवर बोट फिरवायचं कसं तेच पाहिलेलं नाही, तिला पहिल्याच दिवशी भर बाजारात गाडी चालवायला बसवल्यासारखं ते झालं. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की पोरांच्या आवडीवर पहिला खेळ निवडू नका. त्यांना सोपा वाटणारा खेळ आपल्याला सोपा असेलच असं नाही.

मग आम्ही उलटीकडून विचार केला. कोणत्या खेळाचे नियम आपल्याला आधीच येतात? लहानपणी अंगणात पट मांडून कवड्या कुणी टाकल्या नाहीत? सोंगटी मारायची, घरात न्यायची, हे आपल्या अंगात आहे. त्याच पचिशीवरून इंग्लंडमध्ये लुडो तयार झाला आणि तिथल्या माणसाने त्याचं पेटंटही घेतलं. आता तोच लुडो फोनवर आलाय. लुडो किंग नावाचा खेळ नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली काढला आणि लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. त्यात करायचं काय, तर फाशावर बोट टेकवायचं आणि सोंगटीवर बोट टेकवायचं. बस्स. इंटरनेट नसलं तरी फोनबरोबर खेळता येतो. एकाच फोनवर चारजणी आळीपाळीनेही खेळू शकतात. फोन मध्ये ठेवायचा आणि भोवती बसायचं, जसं पटाभोवती बसतो तसं.

मावशींना आम्ही तो दिला. पहिला सहा पडला, सोंगटी बाहेर आली, आणि पुढे कुठे जायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी आमच्या अध्यक्षांची घराजवळ पोचलेली सोंगटी मारली आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की शेजारच्या घरातल्या बाया बघायला आल्या.

एक अडचण आम्हाला माहीत नव्हती. काहीजणी बोट टेकवायच्या आणि फोन हलायचाच नाही. त्यांना वाटायचं आपलंच चुकतंय. मग कळलं की फोनच्या काचेला बोटातून वाहणारी अगदी बारीकशी वीज कळते. खुरपून, कापणी करून, राखेने भांडी घासून बोटांची टोकं राठ झाली की ती तिथपर्यंत नीट पोचत नाही. हात ओले असले तरी काच गोंधळते. तेव्हा हात धुऊन कोरडे पुसा, खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून पुसून घ्या, आणि नख किंवा टोक न लावता बोटाचा मऊ भाग टेकवा. तर्जनी राठ असेल तर करंगळीजवळचं बोट वापरून बघा. जोरात दाबू नका, ही विहिरीच्या पंपाची कळ नाही. आणि चाळीशी असेल तर ती लावूनच बसा. आमच्यातल्या दोघी महिनाभर डोळे बारीक करून खेळत होत्या, कारण चष्मा लावला तर म्हातारी दिसेन म्हणून.

लुडो हाताशी आला की बोट ओढायला शिकायचं. त्यासाठी आम्हाला २०४८ नावाचा खेळ फार आवडला. इटलीतल्या एका १९ वर्षांच्या मुलाने, गाब्रिएले चिरुल्लीने, २०१४ साली तो शनिवार-रविवारात बनवला आणि सगळ्यांना फुकट खुला करून दिला. सोळा घरं असतात, चार आडवी आणि चार उभी. बोट ज्या बाजूला सारू त्या बाजूला सगळे आकडे सरकतात. दोन आणि दोन भेटले की चार, चार आणि चार भेटले की आठ, असं वाढत जायचं. जागा संपली की डाव संपला. घड्याळ नाही, मागे शिपाई नाही. मध्येच दूध उतू गेलं तर उठून जा, परत या, डाव जिथल्या तिथे असतो. आमच्यात एक ताई आहेत, त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, पण नोटांवरचे आणि फोन नंबरचे आकडे ओळखता येतात. त्यांना हा खेळ सगळ्यांत जास्त जमतो. ५१२ पर्यंत गेल्या आहेत. आमच्या सचिव बारावी झालेल्या, त्या अजून २५६ वर अडल्यात. आम्ही हे त्यांच्या परवानगीने सांगतोय. एक लक्षात ठेवा, या नावाच्या नकला खूप आहेत. काहींमध्ये दर मिनिटाला जाहिरात येते. तसली आली की काढून टाका, दुसरी बघा.

शेतीचा खेळ मागणाऱ्याही काहीजणी होत्या. हे डे नावाचा आहे. त्यात गहू दोन मिनिटांत येतो. हे ऐकून आमच्या बैठकीत जो काही हशा झाला! पाऊस नाही, मजुरी नाही, अडत्या नाही. खेळ गोड आहे, पण इंटरनेट सतत लागतं, आणि थोडं पुढे गेलं की वाट बघा नाहीतर पैसे देऊन हिरे घ्या, असं सुरू होतं. कँडी क्रशचंही तसंच. एकसारख्या तीन गोळ्या ओळीत आणायच्या, बोटाला चांगलं वळण लागतं. पण पाच डाव हरलात की थांबायचं, एक डाव परत मिळायला अर्धा तास लागतो, आणि नेमकं तेव्हाच विकत घ्या म्हणून पाटी येते. चिडलेली बाई आणि विकत घ्या ही पाटी एकत्र आलेली बरी नाही. हे खेळ वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. पहिला म्हणून घेऊ नका, इतकंच.

खेळ घ्यायचा तो प्ले स्टोअरमधूनच. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निळ्या ओळीवर बोट ठेवून घ्यायचा नाही. घेण्याआधी नावाखालचे बारीक शब्द कुणाकडून तरी वाचून घ्या. जाहिराती आहेत की नाही, आत खरेदी आहे की नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. खेळायला बसताना इंटरनेट बंद करा. जाहिराती बहुतेक थांबतात आणि चुकून कशावर बोट पडण्याची भीती राहत नाही. लुडो खेळायला तुमच्या फोनमधले नंबर किंवा मेसेज लागत नाहीत, तेव्हा तशी परवानगी मागितली तर नाही म्हणा. आणि नुसत्या खेळाला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत.

आता त्या रमीबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्ही गुन्हा ठरवलं. नशिबाचा खेळ असो की हुशारीचा, पैसा लावला की तो त्यात आला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नीट ऐका, खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून कुणाचे पैसे असे गेले असतील तर घाबरून दार लावून बसू नका. फसवून पैसे काढले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आणि त्याच दिवशी गटात सांगा. आमच्या काकू तीन बैठका आल्या नाहीत, ते दीड महिने आम्हाला हप्त्यापेक्षा जड गेले.

शिकवणाऱ्यांसाठी आमच्याकडे एकच नियम आहे. हात मागे बांधायचे. नात म्हणते, "आजी, दे इकडे, मी करते." तिने केलं की आजीचं शिकणं तिथेच थांबलं. तोंडाने सांगा, बोटाने करू नका. आजीला एका डावाला पाऊण तास लागला तरी लागू दे. आमच्या एका सुनेने तर सासूबाईंना शिकवताना दोन्ही हातांत लसूण सोलायला घेतला, म्हणजे फोन ओढून घ्यायचा मोह नको.

खेळायचं किती, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही दुपारचा अर्धा तास ठरवलाय, भाकरी झाल्यावर आणि जनावरांच्या आधी. एका ताईंच्या मालकांनी विचारलं, "काय फोन घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या, "शिकतेय." ते काही बोलले नाहीत. परवापासून तेच समोर बसून दुसरा रंग घेतात, आणि हरले की म्हणतात, फासा बरोबर पडत नाही.

आणि काकू? त्यांनी लुडो शिकला, मग २०४८. गेल्या महिन्यात बैठकीत त्यांनी स्वतःचा फोन काढला, बँकेचं ॲप उघडलं आणि शिल्लक आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. पिन बदललाय. पुतण्याला तो माहीत नाही. आम्हालाही नाही.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता आपल्या केंद्रावर लुडोचा डाव आहे. फोन चार्ज करून आणा, चाळीशी आणा, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी नुसतं यावं, एका फोनवर चौघी बसतात. मावशी हिरवा रंग घेणार असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.