वाऱ्यावर सोडलेला खर्च

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'शहर आणि खेडे यांचे आर्थिक संबंध' असा भारदस्त विषय दिला आहे. या विषयावर मी तीस वर्षे वर्गात बोललो आणि विद्यार्थ्यांनी तो परीक्षेपुरता निमूटपणे लिहून काढला. आज मी तो एका पातळ पिशवीपुरता आकुंचित करणार आहे. भाजीवाल्याकडून आपण घरी आणतो आणि पाच मिनिटांत टाकून देतो ती पिशवी.

गेल्या चैत्रात मी एका शहराच्या कचराडेपोला लागून असलेल्या शेतावर गेलो होतो. शहराचे व गावाचे नाव सांगत नाही. त्यावाचून आपले काही अडणार नाही. मळ्याची मालकीण साठीच्या घरची. बांधावरच्या बोरी-बाभळींना फुलांऐवजी पांढऱ्या, निळ्या, काळ्या चिंध्या लोंबत होत्या. मी शहरातून आलो आहे असे कळताच त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पिशव्या न्यायला आलात जणू! न्या की, मी काही भाडं लावत नाही." मी हसलो खरा, परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की डेपोच्या डोंगरावरून थवेच्या थवे उठतात आणि शेतात उतरतात. वळवाच्या आधीची वावटळ आली तर एका तासात आठवड्याचे काम होऊन बसते.

काम म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. नांगरटीपूर्वी त्या आणि त्यांची सून वाकून वाकून पिशव्या वेचतात. वेचल्या नाहीत तर रोटाव्हेटरच्या पात्यांना त्या गुंडाळल्या जातात. ट्रॅक्टरवाला थांबतो, शिव्या देतो आणि तासाचे पैसे मात्र घेतो. उरलेल्या पिशव्यांचे पाती तुकडे तुकडे करतात आणि तुकडे झाले की त्या वेचता येण्याच्या पलीकडे गेल्या. कांद्याच्या कोवळ्या रोपावर पिशवी बसली तर ते रोप तिच्याखाली उकडून मरते. मेथीच्या जुडीत चिंधी निघाली तर व्यापारी ती जुडी उलगडत नाही, सगळ्या पाटीचा भाव पाडतो. कडब्यातून चिंधी गव्हाणीत गेली तर जनावराच्या पोटात तिचा गोळा होतो. तो रवंथात विरघळत नाही, शेणावाटे सहजी पडतही नाही. त्यांची एक गाय अशी गेली. किंमत विचारली तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही. "गाभण होती," एवढेच म्हणाल्या.

अर्थशास्त्राच्या माणसाला आकडा लागतो, म्हणून घरी आल्यावर मी थोडा हिशेब केला. वीस मायक्रॉन जाडीच्या पॉलिथीनच्या एका चौरस मीटर पत्र्याचे वजन जेमतेम अठरा ग्रॅम भरते. म्हणजे पत्रा उलगडून पसरला तर एक गुंठा झाकायला दोन किलोंहूनही कमी माल पुरतो. एकराला सुमारे पंच्याहत्तर किलो. एक टनात तेरा एकर! शहर आपला कचरा टनात मोजते. त्या मोजमापात ही पिशवी म्हणजे किरकोळ बाब, वजनकाट्याचा काटा तिने हलतसुद्धा नाही. परंतु शेतकऱ्याचे माप वजनाचे नाही, ते गुंठ्याचे आहे. आणि त्या मापात हीच पिशवी सर्वांत अवजड ठरते. कचऱ्याच्या अहवालांत ही बाब का दिसत नाही याचे एक कारण या दोन मापांच्या फरकात आहे. मापे ठरवणारा आणि सोसणारा एक नसला की असेच घडते.

आता दुसरा प्रश्न. डेपोवर हजार वस्तू येतात. उडून शेतात नेमके हेच का येते? हलके असते म्हणून, हे उत्तर अर्धे आहे. पाण्याची रिकामी बाटलीही हलकीच असते, पण ती शेतात क्वचित दिसते, कारण डेपोवर पोहोचण्यापूर्वीच कुणा कचरावेचक बाईने ती उचललेली असते. दुधाची पिशवी जाड असते, तिलाही भंगारात भाव मिळतो. मळलेल्या पातळ पिशवीला आणि वेफर्सच्या किंवा गुटख्याच्या थरथरांच्या पुडीला भाव नाही. किलोभर गोळा करायला दिवस जातो आणि भंगारवाला ती हातातही धरत नाही. म्हणजे बाजाराने ज्याची किंमत शून्य ठरवली ते वाऱ्याच्या हवाली झाले. आणि शून्य किमतीच्या त्या वस्तूने पलीकडच्या शेतात गाईची किंमत वसूल केली. बाजारभाव हाच वस्तूचा खरा हिशेब, असे मानणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी त्या बांधावर एकदा न्यायला तयार आहे. प्रवासखर्च माझा.

व्यवसायाचा विषय निघाला आहे तर थोडे पाठ्यपुस्तकाकडे जाऊ. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली लोककल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचा दाखला दिला. ठिणग्या उडून रुळांलगतच्या झाडीचे नुकसान होते, ते रेल्वे भरून देत नाही, म्हणून रेल्वेचा हिशेब अपुरा. पुढे १९६० साली रोनाल्ड कोस यांनी हाच दाखला उलटवून पाहिला. हानी दोन्ही बाजूंनी असते, रेल्वे अडवली तर रेल्वेचे नुकसान होते. तेव्हा हक्क कोणाचा ते स्पष्ट करा आणि उभयतांना घासाघीस करू द्या, असा त्या विवेचनाचा रोख. घासाघीस करायलाही खर्च येतो हे कोस यांनी स्वतःच बजावून सांगितले होते. त्यांचे नाव घेणारे पुष्कळजण ते विसरतात. मी इंग्लंडच्या ठिणग्या वर्षानुवर्षे शिकवल्या. आमच्या वेशीबाहेर पिशव्या उडत होत्या, त्या एकदाही फळ्यावर आल्या नाहीत. ही कबुली मला द्यावीच लागेल.

तर घासाघीस. एका बाजूला महानगर, त्याचे अभियंते, वकील, अंदाजपत्रक. दुसऱ्या बाजूला अडीच एकर. शिवाय शेत आधी होते, डेपो नंतर आला. सातबारा आजेसासऱ्यांच्या नावापासून चालत आलेला आहे. तरीही "तुम्ही डेपोशेजारी शेती करताच कशाला?" असा प्रश्न त्या बाईंना विचारला गेला. विचारणारा अधिकारी दुष्ट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला तो प्रश्न स्वाभाविक वाटत होता.

कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. त्यातली भूमिका थोडक्यात अशी की, खर्च तिऱ्हाइताच्या गळ्यात मारणे हा व्यवस्थेतला अपघात नाही, नफ्याचे गणित जमवण्याची ती नेहमीची रीत आहे. आपल्या विचारांच्या माणसांना हे वाचताना बरे वाटते. पण इथे खर्च ढकलणारी संस्था खाजगी नाही. ती लोकांनी निवडलेली नगरपालिका आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा हा तिच्याकडे सोपवण्याचा विषय आहे, आणि तिच्या सभागृहात आपलेही सभासद कधी ना कधी बसलेले आहेत. सार्वजनिक मालकी आली म्हणजे खर्च ढकलण्याची सवय आपोआप जाते असे नाही. शहरातल्या मतदाराला घरपट्टी वाढलेली चालत नाही. डेपोशेजारच्या शेतकऱ्याला त्या सभागृहात मत नाही. एवढ्याने सारे ठरते.

नियम नाहीत असेही नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्या प्रकरणाच्या ओघात केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम काढले. २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २००० च्या नियमांतच स्पष्ट म्हटले होते की, भरावावर टाकलेला कचरा त्याच दिवशी किमान दहा सेंटिमीटर माती वा राडारोड्याने झाकावा, पावसाळ्यापूर्वी चाळीस ते पासष्ट सेंटिमीटरचा थर द्यावा, आणि जागेला कुंपण असावे. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटे आणि थोडे वर. एवढी माती रोज पडली असती तर मी आज दुसऱ्या विषयावर बोलत असतो. पण मुरुमाला पैसे लागतात, आणि मातीचा थर डेपोची जागा खातो. ती बचत कागदावर शहराची कार्यक्षमता म्हणून दिसते. वेचणीचे दिवस मात्र त्या सासू-सुनेच्या अंगावर पडतात.

सरकारची पिशवीबंदीही झाली. महाराष्ट्राने २०१८ साली केली, केंद्राने २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर घातली आणि पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉनवर नेली. बंदी योग्यच आहे. पण डोंगरात गाडलेला चाळीस वर्षांचा साठा अधिसूचना वाचत नाही.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. फुरसुंगी हे कांद्याच्या एका नामांकित गावरान वाणाचे नाव. पुण्याच्या माणसाला मात्र ते कचऱ्यामुळे माहीत. विहिरी नासल्या, टँकर आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे गाड्या अडवल्या आणि तेव्हा कुठे शहराला गावाचा पत्ता लागला. त्याच वर्षी ही गावे महापालिकेत घेतली गेली. २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करण्यात आली. केरळात विळप्पिलशाला येथील लोकांनी २०११ च्या अखेरीस तिरुवनंतपुरम शहराचा प्रकल्प बंदच पाडला, आणि त्या शहराला घरोघरी व वस्तीवस्तीत खत करण्याकडे वळावे लागले. अडवल्याशिवाय कोणी हलत नाही, हे दोन्हीकडचे अनुभव सांगतात. परंतु प्रत्येक गावाने आगीची वाट पाहावी काय?

आणि आगीचे, पाण्याचे नुकसान निदान डोळ्यांत भरते. उडणाऱ्या पिशवीचे भरत नाही. गारपीट, पूर, अवर्षण यांना शासनाच्या आपत्तींच्या यादीत स्थान आहे, या आपत्तीला नाही. तलाठ्याने त्या बाईंना सांगितले, "वाऱ्याने आलं, आता वाऱ्यावर कुणाचं नाव घालू?" वारा निसर्गाचा आहे, हे खरे. पिशवी निसर्गाची नाही, आणि ती कुठल्या बाजूने आली हे बांधावर उभ्या राहिलेल्या लहान मुलालाही सांगता येते.

म्हणून आपल्या मागण्या दयेच्या असू नयेत. रोजची माती आणि वाऱ्याच्या बाजूला उंच जाळी या नियमाच्या व साध्या शहाणपणाच्या गोष्टी आहेत. त्याच्यापुढे माझे सांगणे असे की, वेचणी हे शहराच्या सफाईचेच काम आहे. ते शेतात होते म्हणून त्याची मजुरी बुडत नाही. डेपोच्या काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम लगतच्या ग्रामपंचायतीकडे जमा व्हावी आणि तिच्यातून वेचणीचे रोज दिले जावेत, बायकांच्या नावाने. माती पडू लागली की वेचणी घटेल आणि रक्कमही घटेल. शहराला माती टाकणे स्वस्त वाटू लागेल. आज त्याला न टाकणे स्वस्त पडते, अडचण इतकीच आहे. याला कोणी पिगूचा कर म्हणो, कोणी मजुरीची थकबाकी म्हणो. मला दुसरे नाव अधिक बरे वाटते.

यासाठी पुरावा हवा, आणि पुरावा आपणच तयार केला पाहिजे. निरोप घेताना मी त्या बाईंच्या सुनेला भिंतीवरच्या कॅलेंडरात वेचणीच्या दिवसाभोवती गोल करायला सांगितले. अर्धा दिवस असेल तर अर्धा गोल. पावसाळा सुरू झाल्यावर तिने मला फोन केला. चैत्र ते ज्येष्ठ मिळून सतरा पूर्ण गोल आणि नऊ अर्धे झाले होते, दोघी मिळून. शेजारच्या चार घरांनीही तसेच गोल केले आहेत, असे ती म्हणाली. ही पाच कॅलेंडरे येत्या ग्रामसभेत टेबलावर ठेवली जाणार आहेत. आपल्यापैकी ज्यांना त्या दिवशी यायला जमेल त्यांनी सभेनंतर माझ्याजवळ नावे द्यावीत. एसटी सकाळी सातला सुटते.