शिट्टीचा अधिकार



शिक्षक, प्रशिक्षक आणि पालक यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. चाकणास सभा भरली म्हणजे अध्यक्षाने संग्रामदुर्गाचे आणि १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे पन्नासाहून अधिक दिवस तो किल्ला झुंजविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांचे स्मरण करावे असा प्रघात आहे, आणि तो मी आनंदाने पाळतो. परंतु आज मला ज्या चाकणाविषयी बोलावयाचे आहे ते किल्ल्याचे अथवा कांद्याच्या बाजाराचे चाकण नसून भोंग्याच्या वेळेवर उठणारे, तीन पाळ्यांत जगणारे चाकण आहे.

या पट्ट्याचे एक वैशिष्ट्य असे की, शिक्षणावाचून कौशल्य येत नाही ही गोष्ट येथे कोणास पटवून द्यावी लागत नाही. १९६६ साली पिंपरीस टेल्कोचे काम सुरू झाले तेव्हा गाड्या बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी शिकाऊ उमेदवारांचे वर्ग भरू लागले होते. आजही येथील कारखान्यात महत्त्वाचा सांधा जोडण्यापूर्वी वेल्डरला परीक्षा द्यावी लागते, आणि बॉयलरवर उभा राहणारा इसम तर सरकारी प्रमाणपत्रावाचून त्या खोलीत कामास लागूच शकत नाही. असे असता, याच वेल्डरचा आणि याच बॉयलरवाल्याचा अकरा वर्षांचा मुलगा सायंकाळी ज्याच्या स्वाधीन केला जातो, त्या गृहस्थाजवळ शिट्टी आणि ट्रॅकसूट यांव्यतिरिक्त कोणता दाखला आहे, हे विचारण्याची आपणांस सवय नसावी, याचे मला नवल वाटत आले आहे. लोखंडाविषयी आपण जितके दक्ष आहोत तितके मुलाच्या गुडघ्याविषयी नाही.

योग्यतेची व्यवस्था या देशात मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवीत आहे; अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई महासंघ यांनी ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि त्यावर ‘प्रो’ अशी परवान्यांची पायरी बांधलेली आहे; आणि महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांची परंपरा तर जुनी व आदरणीय आहे. परंतु बी.पी.एड. झालेल्या एकाच शिक्षकाकडून कबड्डी, खो-खो, लेझीम, धावणे, प्रभातफेरी आणि फुटबॉल यांची एकदमच अपेक्षा करणारे शाळाचालक त्या पदवीचा मान राखतात असे मला वाटत नाही. शिवाय या परवान्यांच्या पायरीतच एक विपर्यास शिरला आहे. जो प्रशिक्षक ‘बी’ किंवा ‘ए’पर्यंत चढतो तो लागलीच मोठ्या मुलांकडे, अठरा-वीस वर्षांच्या संघाकडे जातो, आणि सात ते बारा वर्षांची मुले नुकताच खेळ सोडलेल्या, सहा दिवसांचा अभ्यासक्रम केलेल्या किंवा न केलेल्या तरुणाच्या वाट्यास राहतात. माझे सांगणे एवढेच की हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटविल्यावाचून आमच्या स्पर्धांना अर्थ येणार नाही.

बारा वर्षांखालील मुलांचा सामना पाहा. मैदान मोठ्यांच्या मापाचे, गोल मोठ्यांच्या मापाचा, आणि संघ अकरा-अकरांचे. उंच मुलास मागे ‘बॅक’ म्हणून उभे केलेले असते आणि त्यास एकच आज्ञा असते, बॉल आला की उडवायचा. कडेला उभे असलेले काका-मामा ‘मार, मार, पुढे मार’ असा घोष करीत असतात. दोन्ही बाजूंच्या पंखांवरील लहानखुरी मुले अर्ध्या तासात चेंडूस चार वेळाही शिवत नाहीत. उंच मुलाचा संघ जिंकतो, चषकासह छायाचित्र निघते, आणि सर्वांस वाटते की प्रशिक्षक मोठा कर्तबगार आहे. चार वर्षांनी इतर मुले उंचीने त्यास गाठतात, तेव्हा या ‘बॅक’ला चेंडू थांबविता येत नाही, मान वर करून पाहता येत नाही, डावा पाय तर त्याला जणू नाहीच, आणि तो खेळ सोडतो. जाणत्या प्रशिक्षकाने याच मुलांना पाच-पाच किंवा सात-सातांच्या लहान मैदानावर खेळविले असते, उंच मुलास मधल्या फळीत चेंडू हाताळावयास लावले असते, आणि सामना हरण्याची नामुष्की स्वतःच्या शिरावर घेतली असती.

येथे वयाचा प्रश्न ओघानेच येतो. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होते. सबब जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे एकाच गटात उभे राहतात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंचीत डोळ्यांत भरणारे अंतर असू शकते. निवडीच्या दिवशी जानेवारीचा मुलगा ‘गुणी’ ठरतो आणि डिसेंबरचा घरी जातो. जन्मतारखेचे खोटे दाखले हा तर निराळा आणि लाजिरवाणा विषय आहे. त्याचे मूळही जिंकण्याच्या याच घाईत आहे. आमच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून बाद पद्धतीने होतात. पहिला सामना गेला की संपूर्ण वर्ष संपले. त्यात दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब मिसळला म्हणजे धीर धरणारा प्रशिक्षक मुख्याध्यापकांस, पालकांस आणि कित्येकदा मुलांसही नालायक वाटू लागतो.

गुडघ्याचा उल्लेख मी वर केला तो अलंकार म्हणून नव्हे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा लंगडत येतो आणि वाटीच्या खाली बोटभर जागा दाखवितो. तेथे हात लावला तर हाडाचा उंचवटा लागतो आणि मूल कळवळते. वाढत्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या हाडावरील कोवळी जागा ओढत असतो, त्याची ही कळ. ‘ऑसगुड-श्लॅटर’ या नावाने ती वैद्यकास ठाऊक आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत धावणे-उड्या कमी करून काही काळ धीर धरला की वाढीबरोबर ती शमते. ‘पळ, गरम झालं की राहील’ असे सांगणारा माणूस दुष्ट नसतो. तो केवळ अशिक्षित असतो, आणि या क्षेत्रात ते पुरेसे घातक आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली. फिफाने वीस मिनिटांचा ‘अकरा प्लस’ नावाचा व्यायामक्रम सिद्ध केला, आणि तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती स्पष्टपणे घटल्याचे आढळले. त्यास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तो ठाऊक असलेला आणि दर वेळी तो करवून घेणारा माणूस मात्र लागतो.

आमच्या पुणे जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीस क्रीडानगरी उभी राहिली. पुढे पुणे एफ.सी., एफ.सी. पुणे सिटी आणि डी.एस.के. शिवाजियन्स हे तीन व्यावसायिक क्लब येथे उदयास आले, आणि २००७ ते २०१९ या अवधीत तिघेही अस्तंगत झाले. मालकांच्या ताळेबंदाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु मामुर्डीस पुणे एफ.सी.ची जी अकादमी होती, तेथे पगारी आणि परवानाधारक प्रशिक्षक मुलांबरोबर बारमाही काम करीत होते. केरळातून आलेला आशिक कुरुनियान त्या अकादमीत शिकून पुढे भारताकडून खेळला. आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव! ज्या नगरीत पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब हा सामना म्हणजे सणच असतो, त्या नगरीच्या मुलासही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, बालेवाडीस यावे लागले, आणि तेथून तो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा आघाडीचा खेळाडू झाला. कोल्हापुराजवळ प्रेम होते, प्रेक्षक होते, ईर्ष्या तर होतीच; पद्धतशीर शिक्षण मात्र त्याला बालेवाडीस मिळाले. क्लब बुडाले तेव्हा आपण खेळाडूंसाठी हळहळलो, पण तेथील शिकलेले प्रशिक्षक कोठे गेले याची चौकशी कोणत्याही दप्तराने केली नाही.

आइसलँडचे उदाहरण सांगितल्यावाचून मला राहवत नाही. २०१६ साली साडेतीन लाखांहूनही कमी वस्ती असलेला तो देश. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांवर होती. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत त्या देशाने इंग्लंडला घरी पाठविले. त्या संघाचे एक प्रशिक्षक पेशाने दंतवैद्य होते, ही गंमत वृत्तपत्रांना फार आवडली. वस्तुतः सांगण्यासारखी गोष्ट ही की तेथे सात-आठ वर्षांच्या मुलांसमोरही युरोपीय महासंघाचा परवाना असलेला, वेतन घेणारा प्रशिक्षक उभा असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना हाताशी धरले, ते कोणत्या परवान्याच्या बळावर? आणि ज्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली आणि १९५६ साली मेलबर्नला चौथा क्रमांक मिळविला, ते तर शाळामास्तर होते! मला हे दोन्ही दाखले मान्य आहेत. मात्र ते दोघेही पेशाने शिक्षक होते, हे आक्षेपकाने विसरू नये. परवाना माणसास चारित्र्य देत नाही हेही खरेच. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकास परदेश दौऱ्यावरील गैरवर्तनावरून काढून टाकावे लागले. म्हणून नेमणुकीपूर्वी पोलिसांकडील चारित्र्य-पडताळणी आणि २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याची माहिती या दोन अटी मी कोणत्याही परवान्याच्या आधी ठेवीन. मुलींच्या संघाबरोबर जबाबदार स्त्री असलीच पाहिजे, याविषयी चर्चाही होऊ नये.

आता पैशाचा प्रश्न. बैलगाडा शर्यतींच्या घाटावर या तालुक्यात जे खर्च होते ते पाहता दारिद्र्याची सबब येथे कोणी सांगू नये, असे मी म्हणणार होतो. परंतु तो वाद मी टाळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास द्यावयाचे असतात, आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत स्पष्टपणे नमूद आहे. आजवर या निधीतून आपण टी-शर्ट, चषक आणि मंडप मागितले, आणि तेवढेच मिळाले.

तरी या परिषदेपुढे मी पुढील ठराव मांडीत आहे. चाकण, खेड, तळेगाव आणि पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांना आपण लेखी विनंती करावी की, प्रत्येकाने एका शाळेसाठी किमान ‘सी’ परवाना असलेल्या एका प्रशिक्षकाचे तीन वर्षांचे वेतन द्यावे. तो बारा वर्षांखालील मुलांकडेच नेमला जावा. आणि त्या तीन वर्षांत कोणत्याही सामन्याच्या निकालावरून त्याची नोकरी जाऊ नये. ज्या शिक्षकांस परवाना घ्यावयाचा आहे त्यांना शाळेने भरपगारी रजा द्यावी, आणि अभ्यासक्रम मराठीतून व्हावा म्हणून महासंघाकडे अर्ज करावा. या ठरावास आपण अनुमोदन द्यावे, आणि अर्जाच्या पहिल्या प्रतीवर आजच, भोजनापूर्वी, सह्या कराव्यात, अशी माझी आपणांस विनंती आहे.