बकल अप, बकल डाऊन आणि माझी एक मेल

आजचा विषय छोटा आहे, पण मला चांगलाच महागात पडला होता. विषय आहे 'बकल अप'.

बकल म्हणजे पट्ट्याचं बक्कल. पोलिसांचा बक्कल नंबर ऐकलाय ना, तेच. गाडीत कुणी 'बकल अप' म्हणालं की अर्थ सरळ: सीट बेल्ट लावा. विमानातल्या सूचनेत 'फासन युअर सीट बेल्ट' असतं. 'बकल अप' जरा घरगुती, मित्राला म्हणावं असं. गाडी नसली तरी चालतं. 'बकल अप, पुढचा आठवडा अवघड आहे', म्हणजे सावरून बसा, धक्के बसणार आहेत.

आता माझी गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष. दिवाळी सेलच्या आधी क्लायंटनं विचारलं, लोड वाढेल, तयारी आहे ना? माझी दहावी मराठी माध्यमातली. डोक्यात आलं 'कंबर कसणे'. बकल म्हणजे पट्टा, पट्टा म्हणजे कंबर! मी ऐटीत लिहिलं, 'वी विल बकल अंडर द लोड.' आणि पाठवून दिलं.

वीस मिनिटांत लीडचा फोन. "अरे, काय लिहिलंयस? ते विचारतायत, सिस्टीम कोसळणार हे आधी का नाही सांगितलं!"

कारण बकलचा दुसरा अर्थ आहे भाराखाली वाकणं, मोडणं. हॉस्टेलवर सिव्हिलची पोरं कॉलमचं 'बकलिंग' घोकायची, ऑयलरचं सूत्र पाठ करायची. रोज कानावर पडायचं, पण तेव्हा आठवलं नाही. मला हवं होतं ते 'बकल डाऊन': नेटानं कामाला लागणं.

लीडनं कॉलवर सांभाळून घेतलं, मला ओरडलाही नाही. पण मी घाबरलो ते घाबरलोच. दोन महिने क्लायंटला स्वतःहून एकही मेल नाही. त्याच काळात मला एक बग दिसला होता. इंग्रजी चुकेल म्हणून तो मी दोन दिवस उशिरा सांगितला. माझी खरी चूक ती. शब्द चुकला तर दुरुस्त होतो, गप्प बसलं तर कुणाला कळतच नाही.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. एक, असं क्रियापद शेपटासकट पाठ करा: अप म्हणजे पट्टा लावा, डाऊन म्हणजे कामाला लागा, अंडर म्हणजे कोसळलो. दोन, खात्री नसेल तर साधं लिहा. 'वी आर रेडी' एवढं पुरलं असतं हो!

तुमची अशी फजिती झाली असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.