जलाशयाकाठचा मुक्काम
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘छावणी’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात उच्चारला, की डोळ्यांसमोर येते ती गुरांची छावणी. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पाथर्डी, जामखेड, कर्जतकडील शेतकऱ्यांनी जनावरांसह छावणीत काढलेले दिवस आपण विसरलेलो नाही. आज मला बोलायचे आहे ते एका निराळ्या छावणीविषयी. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी शहरातील माणसे तंबू ठोकून राहावयास येतात. कोणी साध्या राहुटीत चटईवर झोपतो, तर कोणी खाट, दिवा व स्नानगृह असलेला सुसज्ज तंबू मागतो. या मुक्कामाची आखणी कशी करावी आणि ती कोणी करावी, हा आजचा विषय आहे.

जागेची थोडी ओळख करून घेऊ. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याला बांधलेले दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, रतनवाडी, घाटघर ही गावे आहेत. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. निसर्गाने येथे हात आखडता घेतलेला नाही. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे.

पाणी कोणाचे?

तंबूत उतरलेल्या पाहुण्यास समोरचे पाणी शोभेचे वाटते. वस्तुतः तो साऱ्या प्रवराकाठाचा रांजण आहे. हेच पाणी पुढे निळवंडे धरणात व तेथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांत पोचते. उसाचे आवर्तन आणि घराघरातील पिण्याचे पाणी याच साठ्यावर अवलंबून असते. तेव्हा काठावर भांडी घासणे, साबण लावून अंघोळ करणे, उघड्यावर शौचास बसणे म्हणजे खालच्या गावाच्या रांजणात हात बुडविणे होय. शौचालय व सांडपाण्याचा शोषखड्डा काठापासून किमान दोनशे फूट दूर असावा, हा पदभ्रमण करणाऱ्यांचा जगभरचा संकेत आहे. जलाशयाची पातळी ऋतूप्रमाणे चढते व उतरते, म्हणून हे अंतर पूर्ण भरलेल्या तलावाच्या काठापासून मोजावे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळावर खणलेला खड्डा श्रावणात तलावाच्या पोटात जातो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, तंबूंना लागणारे पाणी कोठून आणावयाचे ते आधी ठरवावे. डोंगरातील वाडीच्या विहिरीला उन्हाळ्यात मोजके पाणी असते. पाहुण्याच्या अंघोळीसाठी वाडीतील बाईला हंडा घेऊन लांब जावे लागणार असेल, तर त्या व्यवसायाला विकास म्हणता येणार नाही.

हंगाम आणि जागा

मुक्कामास उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. थंडी कडाक्याची असते. अंथरूण-पांघरूण पुरेसे हवे. फेब्रुवारीनंतर गवत वाळते आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले असून, अभयारण्यात आग लावणे किंवा पेटती सोडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. म्हणून शेकोटीची हौस असेल त्यांनी वनखात्यास विचारून, नेमून दिलेल्या जागीच ती भागवावी.

मे महिन्यात वळवाचा पाऊस अचानक येतो. एकट्या झाडाखाली, उघड्या टेकाडावर किंवा ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये. ऐन पावसाळ्यात तर काठ निसरडा, दाट धुके आणि ओढे भरून वाहणारे. त्या दिवसांत पक्क्या छपराखाली राहणे शहाणपणाचे. साम्रदजवळील सांदण दरीत पाऊस असताना उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. वरच्या डोंगरावर पाऊस पडला तरी अरुंद घळीत क्षणात लोंढा येतो. जलाशयात पोहण्याच्या बाबतीतही कठोर असावे. काठ एकाएकी खोल होतो. नौकाविहार करताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे.

शिक्षकबंधूंना एक विनंती. सहल नेण्यापूर्वी एकाने स्वतः जाऊन जागा पाहावी. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, नजीकचे आरोग्य केंद्र, रात्री उपलब्ध असणारे वाहन आणि वाट जाणणारा गावकरी या चार गोष्टींची खात्री झाल्याशिवाय पालकांची संमतिपत्रे मागवू नयेत.

काजव्यांची रात्र

मेअखेरीस व जूनच्या आरंभी, पावसाच्या उंबरठ्यावर, येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात. ते पाहावयास गर्दी लोटते. परंतु हा प्रकाश म्हणजे जोडीदारासाठी दिलेली हाक आहे. मोटारीचे दिवे, विजेऱ्या, भ्रमणध्वनीचे झोत यांत ती हाक हरवते. काजव्यांच्या अळ्या ओलसर जमिनीत गोगलगाईंसारखे जीव खाऊन वाढतात. झाडाखालची जमीन तुडविली गेली, की पुढील वर्षांचे काजवेच तुडविले जातात. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात काजव्यांच्या हंगामात सोडत काढून मोजक्याच वाहनांना प्रवेश देतात आणि विजेरीवर लाल कागद लावावयास सांगतात. तो धनाढ्य देश मर्यादा घालून घेतो. मग ती आपल्याला का जड वाटावी? मोटारी गावाबाहेर उभ्या कराव्यात, लहान तुकड्या करून गावच्या वाटाड्यासोबत पायी जावे, ध्वनिक्षेपक मुळीच नसावा.

यजमान कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जलाशयासाठी ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ते महादेव कोळी व ठाकर समाजाचे लोक आज या काठावर कोण आहेत? तंबूंचे मालक, की त्यांचे भांडी घासणारे? कायदा त्यांच्या बाजूने आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे, अगदी अल्पमुदतीच्या भाडेपट्ट्यानेसुद्धा, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून जाऊ शकत नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने व राज्याच्या २०१४ च्या नियमांनी विशेष अधिकार दिले आहेत. परंतु कागदावरील अधिकार वापरावयाचे, तर आधी ग्रामसभा भरली पाहिजे आणि तीत स्त्रियांनी बोलले पाहिजे.

अशा ग्रामसभेने चार गोष्टी ठराव करून निश्चित कराव्यात. पहिली, आपल्या शिवारात एका रात्री किती तंबू उभारू द्यावयाचे. ही संख्या विहीर, शौचालये आणि रस्ता यांच्या आवाक्यावरून ठरवावी, मागणीवरून नव्हे. दुसरी, कचरा कोण उचलणार. पाहुण्याने आणलेले प्लास्टिक पाहुण्यानेच परत न्यावे, हा नियम सर्वांत स्वस्त. तिसरी, भोजन, वाटाड्या व सामान वाहणे यांचे दर. नाचणीची भाकरी, पिठले, काळभात हे बचत गटाच्या चुलीवरचे जेवण शहरातील माणूस आवडीने खातो. त्याचा पैसा गावातच राहतो. चौथी, जमाखर्चाचा फलक, जो चावडीवर सर्वांना वाचता येईल.

कोणी म्हणेल, मर्यादा घातली तर पाहुणे दुसरीकडे जातील. काही जातील, हे मान्य आहे. परंतु गोंगाट, कचरा आणि काजव्यांवाचूनचा अंधार एवढेच उरल्यावर कोणीच येणार नाही, आणि तेव्हा नुकसान येथेच राहणाऱ्यांचे होईल. तंबूवाला तंबू गुंडाळून निघून जाऊ शकतो. मुरशेतच्या शेतकऱ्याला मुरशेतमध्येच राहावयाचे आहे.

आपणांपैकी जे अधिकारी आहेत त्यांनी परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव मागावा. जे शिक्षक आहेत त्यांनी मुलांना पाहुणा म्हणून कसे वागावे ते शिकवावे. आणि जे पंचायत सदस्य आहेत त्यांनी येत्या हंगामापूर्वी, पहिली मोटार घाट चढण्याआधीच, तंबूंची संख्या ठरवून चावडीवर लावावी. एवढे झाले, तरी आजच्या बैठकीचे चीज झाले असे मी मानीन.